छापील किमतीचे अण्णा

पुण्यात एका मैदानावर रॉक बँडच्या कार्यक्रमाला उभा होतो तेव्हा एका मुलीनं मला विचारलं, "दादा, पाणी कुठं मिळेल?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती वैतागली. "मग तुम्हाला इथं उभं कशाला केलंय?"

तिचा दोष नव्हता. सोलापूरहून गेलेले आम्ही सगळे एकाच मरून रंगाच्या, अर्ध्या बाहीच्या शर्टांत होतो. शर्ट पँटमध्ये खोचलेले, छातीवर बटणाचा खिसा, खिशात तिकीट. आजूबाजूला फाटक्या जीन्स, निळे-जांभळे केस, गोंदलेले दंड, आणि मध्येच आम्ही, एखाद्या पतसंस्थेची सहल चुकून आत शिरावी तसे. माझी पंचेचाळिशी उलटली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी त्या मुलीला स्वतःची बाटली दिली, वर विचारलं, "जेवलीस का?" तिनं उत्तर द्यायच्या आत पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून तिच्या हातावर ठेवलीसुद्धा. गाणी सुरू झाली तेव्हा ती आमच्यातच उभी होती आणि तिचे मित्र भाकरी मोडून एकमेकांना देत होते.

ते शर्ट अण्णांनीच शिवून घेतले होते. सोलापुरात नवी पेठेत त्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. "युनिफॉर्म घातला की गर्दीत माणूस हरवत नाही," हे त्यांचं म्हणणं. "आणि कोण मास्तर, कोण डॉक्टर, कोण डाळिंबवाला, कळत नाही. गाणं ऐकायला आलेलं माणूस, एवढंच कळतं."

आता दुकान बंद आहे आणि अण्णा मुलीकडं बेंगळुरूला असतात. अधूनमधून मोबाईलवर त्यांचा आवाज येतो, तोही कुठल्या तरी कार्यक्रमाच्या रांगेतून. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळत होतो, कारण त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे थोडं माझ्याबद्दल लिहावं लागणार.

मी गणिताचा शिक्षक. आमच्या शाळेचा गणवेश, टाय, पट्टा आणि बिल्ला फक्त अण्णांच्या दुकानात मिळायचा. तसं पत्रकच दरवर्षी पालकांना जायचं. एकदा कापडाचा नमुना बघायला शाळेनं मला त्यांच्याकडं पाठवलं. दुकानात दोरीवर खाकी चड्ड्या टांगलेल्या, काचेच्या कपाटात टाय, आणि त्या सगळ्यांतून एक इलेक्ट्रिक गिटार जिवाच्या आकांतानं ओरडत होती. एक आई पोरीच्या अंगाला पिनाफोरचा फ्रॉक लावून बघत होती आणि कानावर हात ठेवून भाव विचारत होती. गल्ल्यावर गळ्यात टेप अडकवलेला, कपाळाला गंध लावलेला साठीकडं झुकलेला माणूस डोळे मिटून मान हलवत होता.

मी चुकून म्हणालो, "हा बँड पुण्याचा ना?"

त्यांनी डोळे उघडले. गाणं बंद केलं. "सर, तुम्ही ऐकता?"

"लपून," मी म्हणालो.

"लपून का? गाणंच आहे की, दारू आहे का?"

तेव्हापासून मी त्यांचा झालो. ते मला 'सर' म्हणायचे आणि लगेच पुढं अरे-तुरे करायचे. "सर, तू गप बस," हे वाक्य मी त्यांच्याकडून शेकडो वेळा ऐकलं असेल. घरात त्यांची भाषा तेलुगू. राग आला की ते तेलुगूत शिरायचे. आमच्यात कुणालाच तेलुगू येत नसल्यामुळं इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला काय काय म्हटलं याचा पत्ता नाही. आमची मैत्री टिकली त्यात याचा वाटा मोठा असावा.

त्यांना हे वेड मुलीमुळं लागलं. ती पुण्यात शिकत होती. असल्या कार्यक्रमांना जाते हे कळल्यावर तिला तिथून ओढून आणायच्या तयारीनं अण्णा गेले. मुलीच्या एका मैत्रिणीला ताप आला होता, तिचं तिकीट मुलीनं यांना दिलं. "आत जाऊन बघा अण्णा, मग ओढा." अण्णा आत गेले. परत आले ते चार गाणी पाठ करून. पुढं मुलीला नोकरी लागली, लग्न झालं, तिचं ऐकणं सुटलं. अण्णांचं काही सुटलं नाही.

त्यांची गाण्यांवरची मतं कपडे शिवणाऱ्या माणसाची होती. "गाणं चांगलंय, पण कंबरेत सैल." "ड्रमवाल्यानं शिवण घट्ट मारलीय." एखाद्या नव्या बँडचा शेवट फसला की म्हणायचे, "दुमडच घातली नाही रे, उसवणार." आवडलं की मात्र टीकाबिका संपली. स्टेजसमोर उभं राहून, नाटक बघणाऱ्या माणसासारखा खणखणीत "वन्स मोअर!" द्यायचे. आधी पोरं हसायची. नंतर पुण्यातल्या कुठल्याही कार्यक्रमात वीस-बावीस वर्षांची पोरं "वन्स मोअर" ओरडताना मी ऐकली आहेत. ती कुठून शिकली हे मला माहीत आहे.

आमची टोळी हळूहळू जमली. नवी पेठेत घड्याळांचं दुकान असलेला इम्तियाज, दातांची डॉक्टर वैशाली, सांगोल्याचा डाळिंबवाला बाळू, मी, आणि कधी कुणाचा भाऊ, कधी कुणाची वहिनी. बाळूच्या गाडीतून जायचं. गाडीला डाळिंबांचा आंबूस वास. वाटेत टेंभुर्णीला चहा. रांगेत एकानं जागा धरायची आणि बाकीच्यांनी भाकरी खायची.

मी घरी मात्र पुण्याला प्रशिक्षण आहे असं सांगून जायचो. ते मला रात्रंदिवस खायचं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आला आमचा कबुलीजबाब. सर, हे मला सांगून काय उपयोग? बायकोला सांग." मी धीर करून सांगितलं. बायको भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला माहीत आहे. प्रशिक्षणाहून कुणी घसा बसवून येत नाही."

तिकिटांबाबत अण्णांचा नियम कडक होता. आमच्यातलं कुणी आयत्या वेळी गळलं की उरलेलं तिकीट छापील किमतीलाच द्यायचं, आणि ज्याला गाणं येतं त्यालाच. त्यासाठी परीक्षा असायची. दारात तिकीट शोधणारा कुणी दिसला की अण्णा विचारायचे, "दुसरा अंतरा म्हण." पहिलं कडवं सगळ्यांना येतं, मोबाईलवर तेवढंच वाजतं. दुसरा अंतरा ज्याला येतो त्यानं गाणं घरात बसून पूर्ण ऐकलेलं असतं. भर रस्त्यात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, चांगली नोकरीवाली माणसं लाजत लाजत अण्णांच्या कानाशी गाताना मी बघितली आहेत. एक जण गाता गाता रडलाही. त्याच्याकडून अण्णांनी पैसेच घेतले नाहीत.

ब्लॅकनं तिकिटं विकणाऱ्यांवर त्यांचा फार राग. एकदा दारात असा एक इसम हळूच "एक्स्ट्रा, एक्स्ट्रा" करत फिरत होता. अण्णा त्याच्याजवळ गेले, तिथंही गळ्यातच असलेला टेप काढला आणि त्याची छाती मोजायला लागले. तो गोंधळून हात वर करून उभा राहिला. "छत्तीस," अण्णा म्हणाले. "एवढ्या छातीचा माणूस आणि दुसऱ्याच्या ताटावर बसून पैसे मागतोस? तिकीट म्हणजे पंगतीतलं ताट. आपल्याला भूक नसली तर शेजारच्याला द्यावं. ताटाचा लिलाव करतात का?" तो इसम त्या दिवशी कुठं तरी दुसरीकडं जाऊन विकत बसला असेल, पण आमच्या दारातून गेला हे खरं.

मग आम्ही, पहिल्या दिवशी अण्णांच्या दुकानात वाजत होता तोच पुण्याचा बँड सोलापूरला आणायचा घाट घातला.

सोलापुरात असला कार्यक्रम कोण बघणार, असं बँडच्या मॅनेजरला वाटत होतं. आम्हालाही तेच वाटत होतं, फक्त आम्ही बोलत नव्हतो. एक सभागृह ठरलं. अण्णांनी हट्टानं कागदी तिकिटं छापून घेतली, पुठ्ठ्यासारखी जाड, आणि वर किंमत एवढी ठळक की बँडचं नाव खाली दबून गेलं. मॅनेजरनं सांगून ठेवलं होतं, निम्मी तिकिटं वेळेत खपली नाहीत तर आम्ही येणार नाही. तिकिटं अण्णांच्या आणि इम्तियाजच्या दुकानात ठेवली आणि आम्ही देव पाण्यात घालून बसलो.

आणि तिकिटं संपली. आठवड्याच्या आत सगळी. अण्णांनी दुकानात पेढे वाटले. "बघा, सोलापूरला कमी समजत होता!" मॅनेजरला फोन करून तर ते जवळजवळ रागावलेच.

पुढं त्या बँडचं एक गाणं अचानक सगळ्यांच्या मोबाईलवर वाजायला लागलं. लग्नात, रिक्षात, जिमखान्यात. मग खरी माणसं तिकिटाला यायला लागली. लातूरहून, कलबुर्गीहून फोन. तिकिटं शिल्लक नाहीत म्हटलं की लोक चिडायचे. गावात बोलणं सुरू झालं की युनिफॉर्मवाल्यानं सगळी तिकिटं दाबून ठेवली आहेत, ब्लॅकनं काढणार. अण्णांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते पांढरे पडले. आम्हाला सगळ्यांना दुकानात बोलावलं.

"ही तिकिटं घेतली कुणी? गावात एक माणूस सांगत नाही की माझ्याकडं आहे."

शेवटी मीच तोंड उघडलं, कारण माझ्याच्यानं राहवत नाही. "अण्णा, थोडी माझ्याकडं आहेत. सभागृह रिकामं राहिलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून घेतली."

"किती?"

"एक गठ्ठा."

वैशाली खाली बघत म्हणाली, "माझ्या क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये पण आहेत. दोन गठ्ठे."

"कायकू मेरेकू नहीं बोले?" इम्तियाज ओरडला. "मैंने खुद के दुकान से खुद ही खरीदे ना! भावाच्या नावानं, मेहुण्याच्या नावानं!"

बाळूनं डोक्यावरची टोपी काढली. "माजी डाळिंबाच्या क्रेटात हायत. वर कागुद घालून ठिवलीत, वल लागू नये म्हनून."

अण्णा आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझ्या टेलरला पाठवून मी पण घेतली होती की रे." आणि हसायला लागले. इतके हसले की टेप गळ्यातून खाली पडला. अण्णांना कळू नये म्हणून आम्ही, आणि आम्हाला कळू नये म्हणून अण्णांनी, मिळून एका अख्ख्या कार्यक्रमाचा साठा करून ठेवला होता. बाहेर गाव जे बोलत होतं ते, आमच्या नकळत, खरं झालं होतं.

सगळे गठ्ठे अण्णांच्या दुकानात आणून कपाटात ठेवले. तेवढ्यात बाळूनं विषय काढला. "अण्णा, पंढरपूरचा एक जण तिप्पट द्यायला तयार हाय. आपुन पैसं घातलं, धोका घेतला. डाळिंबाला भाव आला की मी इकतोच की. त्यात पाप कसलं?"

"डाळिंब तू पिकवलंस," अण्णा म्हणाले. "गाणं तू पिकवलंस का?"

बाळूनं टोपी परत डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "ह्ये बराबर हाय बगा." त्याचा हा गुण मोठा आहे, पटलं की लगेच पटतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर रांग लागली. छापील किंमत, एका माणसाला दोनच, आणि दुसरा अंतरा. नवी पेठेत त्या सकाळी जे गाणं झालं ते तिथल्या सराफांनी आणि कापडवाल्यांनी आयुष्यात ऐकलं नसेल. मी शाळेला रजा टाकून गठ्ठे फोडून देत होतो. सगळं छान चाललं होतं.

मग रांगेतून एक गृहस्थ पुढं आले. मी त्यांना ओळखत होतो, त्यांची मुलगी आमच्या शाळेत आठवीत होती. मालवाहू रिक्षा चालवायचे. म्हणाले, दोन द्या, पोरीसाठी आणि माझ्यासाठी.

"दुसरा अंतरा म्हणा," अण्णा म्हणाले.

"मला येत न्हाय. पोरीला येतं, ती शाळेत हाय."

"मग पोरीला घेऊन या की संध्याकाळी. नियम म्हणजे नियम."

गृहस्थांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "मालक, जूनमध्ये मी तुमच्याकडं टाय घ्यायला आलो हुतो. तसलाच टाय पलीकडच्या गल्लीत निम्म्यात मिळतो. पण त्यो चालत न्हाय, तुमच्याकडचाच पायजे, असं शाळेचं फर्मान. माझी पोरगी दोन दिवस वर्गाबाहेर उभी हुती. तवा कुणी छापील किमतीचं नाव काढलं न्हाय. ह्ये ब्लॅक न्हाय तर काय?"

"तो धंदा आहे," अण्णा म्हणाले. "शाळेशी ठरलेला."

"डाळिंबवाल्याला तुमी काय म्हनला ते गावात सगळ्यांना कळलंय, मालक. टाय तुमी पिकवला काय?"

रांगेत कुणी तरी हसलं. अण्णा माझ्याकडं वळले. "सर, तू सांग की यांना. शाळेचा नियम आहे म्हणून."

मी त्या मुलीला वर्गाबाहेर उभं करणाऱ्यांपैकीच एक होतो. सकाळी फाटकाशी उभं राहून टाय, पट्टा, बिल्ला तपासायची माझी पाळी असायची. अण्णा माझ्याकडं बघत होते, एवढ्या खात्रीनं बघत होते की बस्स.

मी म्हणालो, "अण्णा, ते बरोबर बोलतायत."

अण्णांनी तेलुगूत एकही शब्द उच्चारला नाही, म्हणून मी जास्त घाबरलो. त्यांनी गल्ला बंद केला, सगळ्यांना हात जोडून बाहेर काढलं, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि स्कूटरवरून निघून गेले. कार्यक्रम तोंडावर, तिकिटं कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात.

इम्तियाजच्या दुकानात आम्ही डोक्याला हात लावून बसलो. वैशाली म्हणाली, "चार लोकांत नव्हतं बोलायला पाहिजे, सर." बाळू म्हणाला, "चार लोकांतच बोलायला पायजे हुतं." इम्तियाज म्हणाला, "तुम्ही दोघं भांडा, सर को भेजो. आग सर ने लगाई, पानी भी सरच मारेंगे."

मी शहराच्या पूर्व भागातल्या त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. "सर, काय म्हणालात ह्यांना? आल्यापासून एक गाणं लावलं नाही. घर कसं दवाखान्यासारखं झालंय."

अण्णा आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते. पुढ्यात टायची खोकी. एक टाय उलटा करून त्याची शिवण बघत होते.

"बस," ते म्हणाले. "ह्यात चुकतंय हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

मी खरं ते सांगितलं. पत्रक शाळेचं, मी साधा शिक्षक, वगैरे सांगता आलं असतं. पण खरं हे होतं की रांगेत ते माझ्यासाठी जागा धरायचे. मुंबई-पुण्याच्या पोरांत मी एकटा म्हातारा दिसू नये म्हणून माझ्या शेजारी उभे राहायचे. हे सगळं जाईल अशी मला भीती होती.

अण्णांनी टाय खोक्यात ठेवला. "मला वाटलं होतं, तू आज बोललास म्हणून मला राग आलाय," ते म्हणाले. "तसं नाही. इतकी वर्षं बोलला नाहीस म्हणून आलाय. मैतर होतास ना? बायकोपाशी द्यायची कबुली मला देत होतास आणि माझी चूक मला सांगत नव्हतास."

लोकांत बोलल्याबद्दल मी त्यांची माफी मागायला गेलो होतो, आणि मागायची होती ती दुसऱ्याच गोष्टीची. तीही मागितली. त्यांनी ऐकली, "हं" म्हणाले आणि मला जेवायला वाढ म्हणून पत्नीला सांगितलं. जेवताना मात्र तेलुगूत बरंच काही ऐकवलं. त्यांच्या पत्नी पदराआड हसत होत्या. मी विचारलं, काय म्हणतात? म्हणाल्या, "चांगलं म्हणत नाहीत. पण भात वाढ म्हणतात."

सकाळी दुकान उघडलं. दुसऱ्या अंतऱ्याची परीक्षा बंद. "मी कोण लागून गेलो परीक्षा घेणारा?" अण्णा म्हणाले. तिकीट आधी आला त्याला. रिक्षावाल्या गृहस्थांच्या घरी ते स्वतः दोन तिकिटं घेऊन गेले आणि छापील किंमत घेऊन आले. फुकट द्यायला गेले होते, पण त्या गृहस्थांनी घेतली नाहीत.

कार्यक्रम काय झाला ते मी लिहीत नाही. ज्यांनी बघितला ते अजून सांगतात, आणि ज्यांनी बघितला नाही तेही बघितल्यासारखं सांगतात. सोलापूरचे लोक उभे राहून, घामानं निथळत, शेवटपर्यंत गात होते. बँडचा गायक म्हणाला, इतकं मोठ्यानं कुणीच गायलं नव्हतं. असं ते सगळ्याच गावांत म्हणत असणार, पण आम्ही खरं मानलं.

त्यानंतरच्या सोमवारी अण्णा शाळेत आले. मला घेऊन मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "बाई, ते आमच्याकडूनच घ्यायचं पत्रक बंद करा. पालक कुठूनही घेऊ देत. रंग आणि माप मी लिहून देतो."

बाईंना कळेना. "तुम्ही स्वतःच नको म्हणताय? कुणी तक्रार केली का?"

मी म्हणालो, "मी करतोय, बाई." बाई माझ्याकडं अशा बघत राहिल्या, जणू टेबलच बोलायला लागलं होतं.

मग त्यांनी खरी अडचण काढली. स्नेहसंमेलनाचा मांडव, दिवे आणि स्पीकर दरवर्षी अण्णांच्या दुकानाकडून असायचे. पत्रकाची ती परतफेड होती. हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. "आता मांडव कोण देणार?" बाईंनी विचारलं.

"तिकीट लावा," अण्णा म्हणाले.

"शाळेच्या संमेलनाला तिकीट? कोण काढणार?"

"आम्ही काढतो की. बाकीचे पण काढतील. थोडकं लावा, सगळ्यांना सारखं. पाहुण्यांना फुकट नको, संचालकांना फुकट नको."

बाईंनी महिनाभर विचार केला, संचालकांशी भांडल्या, आणि लावलं. पुढच्या जूनपासून पत्रकही गेलं. फाटकाशी उभा राहून मी अजूनही टाय तपासतो, पण कुठल्या दुकानाचा ते बघत नाही. अण्णांच्या दुकानातली जूनची झुंबड ओसरली. "आता गाणं नीट ऐकू येतं," म्हणायचे. खरंच तसं वाटायचं की मला बरं वाटावं म्हणून म्हणायचे, मी विचारलं नाही. हेही विचारायला हवं होतं.

संमेलनाच्या दिवशी आमची अख्खी टोळी तिकीट काढून रांगेत उभी होती. सांगोल्याहून बाळू आला होता, त्याचं एकही मूल या शाळेत नसताना. आत खुर्च्या मांडल्या होत्या. पडदा वर गेला. चौथीची मुलं कोळी नाच करायला आली. एकाची टोपी डोळ्यांवर आलेली, एक प्रेक्षकांत आई शोधत उलट्या दिशेला फिरत होती. अण्णा खुर्चीतून उठले, सरळ स्टेजसमोर जाऊन उभे राहिले आणि टाळ्या वाजवत डोलायला लागले.

मागच्या ओळीतून पालकांचा ओरडा सुरू झाला. "ओ काका, खाली बसा की! आमच्या पोराचा नाच आहे!"

आमच्या शेजारीच ते मालवाहू रिक्षावाले गृहस्थ बसले होते. ते उठले, अण्णांना खाली बसवायला पुढं गेले असं मला वाटलं. पण ते अण्णांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग बाळू गेला. मग वैशाली आणि इम्तियाज. मी या शाळेतला शिक्षक, बाई पहिल्या ओळीतून माझ्याकडं बघत होत्या.

अण्णांनी मागं न बघता उजवीकडं थोडं सरकून माझ्यापुरती जागा केली.

मी गेलो.